एकसष्ट जणांची एकच तारीख

एकसष्ट माणसं एकाच दिवशी नोकरीला लागली होती. १ मे १९९४. मी कॅलेंडर काढून बघितलं, तर तो रविवार निघाला.

२००६ सालचा जुलै महिना होता. कॅलिफोर्नियात सॅलिनासजवळ एका मोठ्या भाजीपाल्याच्या कंपनीत, पार्किंग लॉटमध्ये उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाहेर नजर जाईल तिथपर्यंत लेट्यूसचे गड्डे. आमची सॉफ्टवेअर कंपनी सांता क्लाराची, माझं घर फ्रीमाँटला, आणि काम होतं डेटा मायग्रेशनचं. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधली कामगारांची माहिती काढायची, तपासायची आणि आमच्या नवीन सिस्टिममध्ये भरायची. घर बदलताना सामान हलवतात तसंच, फक्त इथे एखादं खोकं हरवलं तर कोणाची तरी नोकरीची वर्षं हरवतात.

मी मुळात संशयी माणूस आहे. वाण्याने पिशवी भरून दिली की घरी येऊन मी यादीशी ताडून बघतो. मंजिरी, माझी बायको, म्हणते की आमच्या लग्नातही मी पत्रिका दोनदा जुळवून घेतली असेल. ते खरं नाही. पण डेटाच्या धंद्यात हा स्वभाव फार कामाला येतो, आणि त्याचंच मला तोपर्यंत सर्टिफिकेट मिळत आलं होतं.

आता ही तारीख एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. अमेरिकेत शेतात राबणाऱ्या माणसाला पगारी रजेचा म्हणून काही हक्क कायद्याने नसतोच. पण या कंपनीचा म्हातारा मालक तरुणपणी काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आला होता. तिथे एकाच ठिकाणी बरीच वर्षं नोकरी केली की लांब रजा मिळते. ते त्याला आवडलं, आणि त्याने स्वतःच्या शेतावर तसाच नियम केला. त्याचं नाव लाँग सर्व्हिस लीव्ह. बारा वर्षं पूर्ण झाली की दहा आठवडे रजा. पगार अर्धाच, पण खरी गोष्ट पगाराची नव्हतीच. रजेवर असताना तुमची कामगारांच्या टोळीतली जागा राखून ठेवली जायची.

शेतावर ही जागा म्हणजे सगळं असतं. दर मोसमाला कामावर बोलावण्याची एक यादी असते. जुना माणूस वर, नवा खाली. वरच्याला आधी बोलावतात आणि शेवटी कमी करतात. हिवाळ्यात सगळा धंदा उठून ॲरिझोनात युमाला जातो, तेव्हाही यादीतले वरचेच नेतात. कोणी न सांगता मध्येच गेला, तर परत आल्यावर तळाला. मग अठरा वर्षं घालवलेली असोत की अठरा दिवस.

१ मे १९९४ पासून बारा वर्षं मोजा. २००६ च्या मे महिन्यात एकसष्ट जण एकदम रजेला पात्र झाले होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी नोंदी कोणी केल्या ते पाहिलं. सगळ्या एकाच युजर आयडीवरून, एकाच दुपारी. आयडी होता डॉनाचा.

डॉना पेरोल आणि एचआर दोन्ही बघायची. पंचावन्नच्या आसपासची, तिथल्याच खोऱ्यात वाढलेली, कामगारांशी फडाफड स्पॅनिश बोलणारी. ती रोज मला कॉफी आणून द्यायची. मी त्या कॉफीवरही संशय घेतला. एवढी गोड का वागते ही?

म्हाताऱ्या मालकाने त्याच वर्षी कारभार सोडला होता आणि ग्रेग नावाचा नवा व्हाइस प्रेसिडेंट आला होता. मी त्याला छापील यादी दाखवली. रिपोर्टमध्ये मी शब्द वापरला होता, ‘संशयास्पद’.

“एकसष्ट?” ग्रेगने विचारलं.

“एकसष्ट. रविवारी कोणी नोकरीला लागतं का?”

“डॉनाला विचारलंस?”

“नाही. आणि तूही विचारू नकोस,” मी म्हणालो. “तिच्याच आयडीवरून एंट्री आहे. कळलं तर जुने कागद गायब होतील.”

ग्रेग एकदम खूश झाला. “सँडी, गुड वर्क,” म्हणाला. संदीपचा सँडी त्यानेच केला होता. ऐन हंगामात एकसष्ट अनुभवी माणसं दहा-दहा आठवडे गेली तर गड्डे कोण कापणार, ही त्याची खरी काळजी होती. माझा रिपोर्ट त्याला इतका आवडला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण माणसाला स्वतःच्या कौतुकाचा संशय येत नाही. त्याच आठवड्यात एकसष्ट जणांच्या रजेवर होल्ड लागला. पत्रात एकच ओळ होती, तुमचा अर्ज तपासणीत आहे.

चार दिवसांनी ट्रेलरच्या दाराशी एक माणूस आला. ठेंगणा, पंचेचाळिशीचा, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, बुटांना ओला चिखल. तो आत आला नाही. पायरीवर उभा राहून डॉनाशी हळू आवाजात बोलत राहिला. मध्येच त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं.

तो गेल्यावर डॉना म्हणाली, “हा एउसेबियो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याला गावी पोचायचंय.”

“काय आहे गावी?”

“मेक्सिकोत, ओआहाकामध्ये डोंगरात गाव आहे त्याचं. यंदा गावदेवाच्या उत्सवाचा मान त्याच्या घराकडे आलाय. महिनाभर आधी जाऊन सगळं उभं करावं लागतं. मेणबत्त्या, जेवणावळी, बँडवाले. आयुष्यात एकदा पाळी येते. नाकारली तर गाव त्याला आपला मानत नाही. वडिलांची जमीनही मग सांगता येत नाही.”

मी सातारा जिल्ह्यातला. जत्रेचा मान म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मामाने मानाच्या काठीसाठी बँकेतलं प्रमोशन सोडलं होतं. तरी त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं? बरोबर याच वर्षी कसा मान आला? आणि टोपी अशी चुरगाळत का उभा होता? मी वहीत लिहूनही ठेवलं, ‘नर्व्हस वाटला’.

डॉनाने विचारलं, “ही तपासणी नेमकी कसली आहे, सँडी? मला कोणी काही सांगत नाही.”

“रुटीन आहे,” मी म्हणालो.

तीन आठवडे असेच गेले. मी आणखी पुरावा शोधत होतो आणि मला मिळत नव्हता. संशयी माणसाचं एक असतं, पुरावा मिळाला नाही की त्याचा संशय कमी होत नाही, वाढतो. एवढं सफाईदार काम केलंय म्हणजे बाई मोठी हुशार, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या उन्हाळ्यात माझे आईबाबा सहा महिन्यांसाठी फ्रीमाँटला आले होते. बाबा कोरेगाव भागातल्या शाळेत हेडमास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पार्कमध्ये फिरायला गेलो. मी त्यांना सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. एकसष्ट माणसं, रविवार, एक आयडी. शाबासकीच्या आशेने सांगितली, हे कबूल करतो.

बाबा एका बाकावर टेकले. म्हणाले, “माझी जन्मतारीख काय रे?”

“एक जून.”

“आणि दादाकाकांची?”

“एक जून.”

“आम्ही जुळे आहोत का?”

“नाही,” मी म्हणालो.

“त्यांच्यात नि माझ्यात तीन वर्षांचं अंतर आहे,” बाबा म्हणाले. “मास्तरांनी लिहिली. मीही पुढे शेकडो पोरांची तशीच लिहिली. आई पोराला घेऊन यायची, म्हणायची, मोठा पाऊस झाला त्या वर्षीचा आहे. मी काय लिहू? शाळा जूनला सुरू होणार, पोराला सहा पूर्ण पाहिजेत. मग एक जून. उद्या कोणी यादी बघून म्हणालं की या मास्तराने पोरं खोटी भरलीत, तर?”

“पण बाबा, इथे अमेरिकेत...”

“अमेरिकेत कारकून नसतात का?” ते म्हणाले. “त्या बाईंना विचारलंस का तू?”

ग्रेगने विचारलेला प्रश्न तोच होता. ग्रेगला मी ऐटीत उत्तर दिलं होतं. बाबांना देता येईना. लाज वाटली. ज्याच्या घरात निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, त्याने ही तारीख बघताक्षणी ओळखायला हवी होती. इथल्या एखाद्या कन्सल्टंटने घोटाळा म्हटलं असतं तर समजण्यासारखं होतं.

सोमवारी सकाळी एकशे एक फ्रीवेवरून खाली जाताना मी वाक्यं जुळवत होतो. ट्रेलरमध्ये गेलो तेव्हा डॉना कॉफी ओतत होती. मी यादी तिच्यासमोर ठेवली.

“ही तारीख काय आहे?”

तिने चष्मा लावला, एक पान बघितलं आणि मान वर केली. “हे होतं होय? यासाठी सगळं अडवलंयत तुम्ही?”

मग तिने सांगितलं. १९९४ च्या आधी ही माणसं याच शेतात काम करत होती, पण लेबर काँट्रॅक्टरच्या नावावर. काँट्रॅक्टर म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार. त्याने एक दिवस धंदा बंद केला आणि कागदपत्रांसकट निघून गेला. म्हाताऱ्या मालकाने सगळ्यांना आपल्या पटावर घेतलं. कोण कधीपासून काम करतोय याचा एकही कागद हातात नव्हता. मालक म्हणाला, सध्या एक मे टाक, खऱ्या तारखा नंतर दुरुस्त करू. महिन्याची पहिली तारीख होती, वार कोणी बघितला नव्हता.

“आणि नंतर?”

“नंतर कोणीच विचारलं नाही,” डॉना म्हणाली. “मी दोनदा आठवण केली होती. खोटं काही असेल तर एवढंच, की यांची वर्षं कमी लागली आहेत. जास्त नाही.”

मी खुर्चीत बसलो. तीन आठवडे मी उलट्या बाजूने चोर शोधत होतो.

“एउसेबियोला बोलावता येईल?” मी विचारलं.

“शनिवारी गेला तो. शुक्रवारपर्यंत वाट बघतो म्हणाला होता, मग म्हणाला, देव तपासणीसाठी थांबत नाही.”

ग्रेगला नुसता डॉनाचा शब्द पुरणार नव्हता. तो म्हणाला, प्रत्येकाने १९९४ पासून इथे असल्याचा पुरावा द्यावा. माझ्या मते ही त्याची वेळ काढायची युक्ती होती. आता माझा संशय त्याच्याकडे वळला होता. बारा वर्षांपूर्वीचा कागद कोणता शेतमजूर सांभाळून ठेवतो?

सगळ्यांनी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रेलरसमोर रांग लागली. कोणाच्या हातात बुटांचं खोकं, कोणाच्या हातात टॉर्टियाची, म्हणजे मक्याच्या पोळ्यांची, प्लास्टिकची पिशवी, आत चेक स्टब. पगाराच्या चेकला जोडलेला तो अर्धा कागद, ज्यावर नाव, शेत आणि आठवडा छापलेला असतो. डॉनाने समजावलं. ऐंशीच्या दशकात सरकारने बऱ्याच शेतमजुरांना राहण्याचे कागद दिले, पण शेतात काम केल्याचा पुरावा दाखवला त्यांनाच. ज्यांनी स्टब फेकून दिले होते त्यांचे हाल झाले. तेव्हापासून या खोऱ्यात कोणी स्टब फेकत नाही.

हे मला लगेच कळलं. एच-वन व्हिसाची सहा वर्षं संपत आलेली, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला. माझ्याही कपाटात एक फाइल होती, तिच्यात पहिल्या महिन्यापासूनची प्रत्येक पे स्लिप होती. कधी कोण विचारेल सांगता येत नाही, ही भीती आमची सारखीच होती.

रांगेत शेवटी एक बाई होती. एउसेबियोची बायको लुपे. तिच्याकडे बिस्किटांचा निळा गोल डबा होता. मी हात पुढे केला, तर तिने डबा छातीशी धरला आणि डॉनाला काहीतरी म्हणाली.

“डबा हातातून सोडणार नाही म्हणते,” डॉना म्हणाली. “तूच तिच्या हातात बघ.”

बरोबरच होतं तिचं. माझ्यावर तिने का विश्वास ठेवावा? मी वाकून बघितलं. सगळ्यात खालचा स्टब १९८८ चा होता, शेताचं नाव हेच. म्हणजे एउसेबियोची अठरा वर्षं झाली होती. २००० सालीच त्याला ही रजा मिळायला हवी होती.

मी ग्रेगसाठी मेमो लिहिला. त्यात लिहिलं की जुन्या नोंदींमध्ये ‘डेटा ॲम्बिग्विटी’, म्हणजे माहितीत संदिग्धता, होती, ती आता दूर झाली आहे. फार सोयीचा शब्द आहे हा. कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ग्रेगने साठ जणांचा होल्ड काढला.

“आणि एकसष्टावा?” मी विचारलं.

“तो मंजुरीशिवाय गेला. तीन दिवस गैरहजर, जॉब अबँडनमेंट. सिस्टिमने आपोआप काढलं त्याला.”

जॉब अबँडनमेंट म्हणजे न सांगता काम सोडणं. हा तीन दिवसांचा नियम नव्या सिस्टिमच्या, आधीच सुरू झालेल्या, हजेरीच्या भागात मीच बसवला होता, आणि त्याचा डेमो देताना टाळ्याही घेतल्या होत्या.

“पण होल्ड चुकीचा होता,” मी म्हणालो.

“चूक कोणाची?” ग्रेगने माझा मेमो उचलला. “इथे तर कोणाचीच लिहिलेली नाही.”

बाहेर आल्यावर डॉना म्हणाली, “यात कोणीच चुकलं नसेल, तर मग फक्त एउसेबियो चुकला.” ती रागावली नव्हती. त्यामुळे जास्त लागलं.

घरी मी मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, “चूक माझी असं लिहून दिलंस आणि त्यांनी तुला काढलं तर? ग्रीन कार्ड कंपनीच्या नावावर आहे, यार. मुलाची शाळा आहे.”

“माहीत आहे.”

“मग काय करणार आहेस?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि खरंच काही केलं नाही. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. एउसेबियोचा उत्सव झाला असेल, असं मध्येच मनात यायचं. आईबाबा परत जाताना एअरपोर्टवर बाबांनी विचारलं, “त्या माणसाचं काय झालं रे?” मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, ज्या नजरेने ते वर्गात गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराकडे बघत असतील.

नोव्हेंबरच्या मध्यावर डॉनाचा फोन आला. एउसेबियो परत आला होता. युमाची यादी तोपर्यंत लागली होती आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं. तो आता एका द्राक्षबागेत छाटणीला जात होता, रोजावर, नवीन माणूस म्हणून. डॉना एवढंच सांगून थांबली. मागितलं काहीच नाही.

त्या आठवड्यात मी दुसरा मेमो लिहिला. पाच वाक्यांचा. तारखेचा अर्थ न विचारता मी नोंदी संशयास्पद ठरवल्या. डॉनाला विचारू नका असा सल्ला मी दिला. होल्ड माझ्या चुकीमुळे लागला. एउसेबियोचा अर्ज वेळेत आणि नियमात होता. त्याची नोकरी १९८८ पासून सलग धरावी. पाठवण्याआधी अकरा वेळा वाचला.

ग्रेगला हे आवडलं नाही, पण कागदावर आल्यावर त्याला नाही म्हणता येईना. डिसेंबरमध्ये एउसेबियोचं नाव यादीत परत आलं, पहिल्यापेक्षा वर. मला प्रोजेक्टवरून काढलं. सांता क्लाराच्या माझ्या मॅनेजरने बंद खोलीत विचारलं, “क्लायंटला असं लेखी देण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही?” सात महिने मी बेंचवर होतो, म्हणजे पगार चालू आणि काम नाही, रोज धास्ती. नोकरी राहिली. ग्रीन कार्ड आणखी रखडलं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी गाडी काढून सॅलिनासला गेलो. काम काही नव्हतं. डॉना मला शेताच्या कडेपर्यंत घेऊन गेली. टोळी नुकतीच पाणी प्यायला थांबली होती. एउसेबियो पुढे आला, हातमोजा काढून त्याने हात मिळवला. मी तयार करून आणलेली माफी इंग्लिशमध्ये मागितली, डॉनाने ती स्पॅनिशमध्ये सांगितली. तो ऐकून घेत होता. त्याने मान हलवली. हिवाळा कसा गेला असं मी विचारलं, तर म्हणाला, थंड.

मग त्याने डॉनाला काहीतरी विचारलं.

“तो विचारतोय,” ती म्हणाली, “की त्या दिवशी मी पायरीवर उभा होतो, तू दहा फुटांवर होतास. कधीपासून काम करतोस, एवढं तू मला का नाही विचारलंस? मी सांगितलं असतं. डबा गाडीतच होता.”

टोळीप्रमुखाने शिटी वाजवली आणि एउसेबियो कामाला गेला.

आता माझ्या प्रत्येक प्रोजेक्ट प्लॅनमध्ये, रिपोर्ट लिहिण्याच्या आधी, एक ओळ असते. ज्याची नोंद आहे त्याला विचारा, वेळ दहा मिनिटं. क्लायंट विचारतात, हे कशाला, डेटा तर समोर आहे. मी ती ओळ काढू देत नाही.